१९६९ ची शेव्ही सी-१० ट्रक: सस्पेन्शन बदलू की आहे तेच नीट करू? (आणि आईला चढता यायला हवंय)

खटारा६९

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, काम आयटीतलं, हाताला ग्रीस लागायचा तसा काही संबंध नव्हता. पण गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी त्यांची १९६९ ची शेव्हरोले सी-१० विकायला काढली, मी बायकोला "नुसता बघून येतो" सांगून गेलो आणि चावी घेऊनच परत आलो. शॉर्ट बेड, टू व्हील ड्राइव्ह, इंजिन ३५० पण मूळचं नाही कुणीतरी नंतर टाकलेलं, पॉवर स्टीअरिंग आहे, ब्रेक चारही ड्रमचे. रंग हिरवा होता म्हणे.

त्रास असा की ताशी ५५ मैलांच्या वर गेली की रस्ताभर फिरते. सरळ रस्त्यावर पण सारखं स्टीअरिंग डावी-उजवी करत बसायचं, जुन्या सिनेमात हिरो पडद्यासमोर बसून गाडी चालवतो ना अगदी तसं. वळणावर होडीसारखी कलते. आणि पुलावरच्या जॉइंटवरून गेली की मागचं टोक असं उडतं की एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून महाबळेश्वरहून खाली येतोय असं वाटतं.

इथल्या एका दुकानात दाखवली. त्याने पाच मिनिटं बघून सांगितलं पुढे कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉक एकातच), मागे फोर-लिंक (मागचा अॅक्सल धरणारे चार आर्म), दोन्हीकडे जाड स्वे बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून लावतात तो दांडा) आणि २० इंची चाकं. आकडा सांगत नाही पण मी अख्ख्या ट्रकला दिले त्याच्यापेक्षा जास्त होता.

दुसरी गोष्ट, डिसेंबरात आईबाबा साताऱ्याहून येतायत. आईचे गुडघे गेलेत, तिला या ट्रकमध्ये चढता येणार नाही, आणि तिला एकदा तरी फिरवायचीच आहे. म्हणून तीनचार इंच खाली पण घ्यायची आहे. तर हे सगळं एकत्र कसं करावं, कुठून सुरू करावं, किट घ्यावं का? थोडं स्वतः करायची तयारी आहे, यूट्यूब बघून ब्रेकचे शू बदललेत.

फिनिक्सचा_पक्या

एकच उत्तर, स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग टाका. विषय संपला. बटण दाबलं की ट्रक जमिनीला टेकतो, आई बसली की परत बटण, वर. माझ्या ८५ च्या स्क्वेअरबॉडीला (त्या काळचा चौकोनी शेव्ही ट्रक) चार बॅगा आहेत, एक टाकी, दोन कॉम्प्रेसर. लोक सिग्नलला खिडकी खाली करून विचारतात.

कोल्हापुरी_जीप

भावा तीन इंचासाठी एवढा खर्च? आमच्याकडं जीपला पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, तुझ्या ट्रकला तेही नाहीत वाटतं. पाटे नको, पाट घे. लाकडी पाट नायतर चौरंग. आई चढली की उचलून मागं टाकायचा. 😀

खटारा६९

@कोल्हापुरी_जीप हे बायकोनेही सुचवलंय, फक्त शब्द वेगळे होते.

मिशिगनमुक्काम

अरे थांब जरा. (वयाने बहुतेक मोठी आहे म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. चिंचवडला सुरुवात केली, गेली बरीच वर्षं इकडे डेट्रॉइटजवळ चॅसिसचंच काम करते, आणि घरी नवऱ्याची ७१ ची सी-१० आहे जिच्याखाली तो कमी आणि मी जास्त झोपलेली असते.)

एक डॉलरही खर्च करायच्या आधी गाडीखाली झोप. तू सांगतोस ती लक्षणं एका रोगाची नाहीत, तीन वेगवेगळ्या रोगांची आहेत, आणि दुकानदाराने तिन्हीवर मिळून एकच महागडं ऑपरेशन सांगितलंय.

रस्ताभर फिरणं याचा स्प्रिंगशी जवळजवळ संबंध नसतो. ते टायर, स्टीअरिंगमधली झीज आणि अलाइनमेंट. आधी टायरच्या भिंतीवर डीओटीने सुरू होणारा नंबर बघ, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे कितव्या आठवड्यात कोणत्या साली बनला ते. नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, दहा वर्षांच्या पुढचा असेल तर तो टायर नाही, कडक झालेली चप्पल आहे. मग चाकं जमिनीवरच ठेवून, इंजिन बंद, कुणालातरी स्टीअरिंग इंचभर डावीउजवी हलवायला बसव आणि तू खालून बघ. स्टीअरिंगच्या दांड्याला स्टीअरिंग बॉक्सच्या तोंडाशी एक रबरी चकतीचा जॉइंट आहे, तिथून सुरुवात कर, मग पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा), आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूने तोच जोड पेलणारा), टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) टोकं. जिथे हालचाल आत जाते पण पुढे पोचत नाही तिथे तुझा चोर. बहुतेक वेळा आयडलर आर्म सापडतो. आणि एक, बॉक्सवरचा अॅडजस्टमेंटचा स्क्रू पिळून खेळ काढायचा मोह होईल, करू नको, बाकीची झीज तशीच राहते आणि बॉक्स मात्र जाम होऊन मरतो.

बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळ्याचा सांधा) बघताना जॅक कुठे लावतोस त्याला महत्त्व आहे. तुझ्या ट्रकला पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलीये म्हणजे भार खालच्या बॉल जॉइंटवर, तेव्हा जॅक खालच्या आर्मच्या खाली, चाकाच्या जवळ. मग चाक वर-खाली धरून हलवायचं. फ्रेमखाली जॅक लावून चाक लोंबकळत ठेवलंस तर स्प्रिंग त्या जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला पण घट्ट लागतो. पुष्कळ लोक इथे फसतात.

मग बुश, म्हणजे आर्मच्या बिजागरीतलं रबर. ५० वर्षांचं रबर असेल तर आर्म हवेतच आहे असं समज. रबरी बुशच घाल रोजच्या वापराला. पण हे लक्षात ठेव, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, वजन पूर्ण खाली आल्यावर. रबरी बुश फिरत नाही, पिळलं जातं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलंस तर ते गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी उंच उभी राहते, कडक लागते आणि बुश लवकर फाटतं.

हे सगळं झालं की अलाइनमेंट. १९६९ च्या पुस्तकातले आकडे दुकानात देऊ नकोस, ते तेव्हाच्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी होते. पॉवर स्टीअरिंग आहे ना, मग कॅस्टर चार अंशांच्या आसपास पॉझिटिव्ह माग, मिळेल तेवढा घे, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकतं) शून्य ते अर्धा अंश निगेटिव्ह, टो-इन (चाकांची पुढची टोकं किती आत वळलेली) एक षोडशांश ते एक अष्टमांश इंच. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो ना तेच, त्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ व्हायला बघतं. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पातळ शिम असतात, त्यांनी सेट होतं. कॉम्प्युटर नुसता हिरवा आला म्हणून खूश होणाऱ्या पोरापेक्षा शिम घालायला तयार असलेला म्हातारा माणूस शोध.

हे केल्यावर चालवून बघ. मग खाली घ्यायचं बोलू.

फिनिक्सचा_पक्या

ताई एवढं करेपर्यंत आई परत जाईल साताऱ्याला

मिशिगनमुक्काम

पक्या, खरं सांगायचं तर आईला बसवण्यापुरता तुझा मुद्दा बरोबर आहे, हवेवर असेल तर थांबल्यावर हवं तेवढं खाली घेता येतं, बाकी कशानेच येत नाही. पण बॅग ही स्प्रिंगच्या जागी येते. झिजलेल्या आयडलर आर्मच्या जागी येत नाही. उद्या ती झुकवून सुंदर दिसेल आणि ६० ला तशीच फिरेल. शिवाय टेकवायची तर मागे फ्रेमला सी-नॉच कापायला लागेल, म्हणजे अॅक्सल वर येईल तिथे फ्रेममधून अर्धचंद्र काढून आतून प्लेट वेल्ड करायची. वायरिंग, टाकी, वाल्व, हिवाळ्यात पाणी साठतं ते वेगळं. पहिल्याच प्रोजेक्टला मी नाही सांगणार.

फिनिक्सचा_पक्या

पाणी फिनिक्सला नाही साठत 😎 पण मान्य. माझी पण एक बॅग आठवड्याने अर्धी होते, कुठून गळते देव जाणे, साबणाचं पाणी लावून थकलो.

शेव्हेल_सत्तर

मी जर्सीत आहे, ट्रक नाही पण १९७० ची शेव्हेल (शेव्हीचीच कार) आहे, आणि किट घेऊन पस्तावलेला माणूस म्हणून लिहितोय. तिला मागे चार आर्म असतात, दोन खालचे सरळ आणि दोन वरचे तिरके, व्ही आकारात. वळणावर अॅक्सल एका बाजूने वर दुसरीकडून खाली जातो तेव्हा हे चारही आर्म वेगवेगळ्या वर्तुळात फिरायला बघतात आणि त्यांचं आपसात जमत नाही, तर ते भांडण मूळ गाडीत रबरी बुश पोटात घालतं. मी काय केलं, एका दुकानाच्या सांगण्यावरून चारही आर्म जाड नळीचे आणि सगळीकडे कडक पॉलियुरेथेन (पॉली) बुश. दिसायला काय सुंदर! आणि पहिल्याच पावसात हायवेच्या रॅम्पवर मागचं टोक काही न सांगता बाहेर गेलं. कारण भांडणाला जागाच उरली नाही, अख्खं मागचं सस्पेन्शन एक मोठा स्वे बार झालं. शिवाय आवाज. सोसायटीतून बाहेर पडताना जुन्या वाड्याचा दरवाजा उघडल्यासारखा, कुत्री उठायची.

शेवटी वरच्या आर्मना परत रबर घातलं, खालचे बॉक्स केलेले (पेटीसारखे बंद) ठेवले कारण स्वे बार त्यांनाच लागतो, आणि गाडी सुधारली. पैसे दोनदा गेले.

पुढे मात्र एक काम केलं ते पैसे वसूल. त्या काळच्या जीएम (शेव्हीची मूळ कंपनी) गाड्यांची पुढची स्पिंडल (चाक जिच्यावर बसतं ती) बुटकी असते, त्यामुळे गाडी वळणावर कलली की बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं, म्हणजे टायरच्या कडेवर गाडी. वरचा बॉल जॉइंट अर्धा इंच उंच दांडीचा मिळतो, तो आणि त्याला जुळणारे वरचे आर्म टाकले की आर्मचा कोन बदलतो आणि चाक उलट आत झुकतं. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळतसुद्धा नाही.

लाल_मस्तांग

हेच आमच्याकडे फुकटात होतं 😀 ६४ ते ६६ च्या मस्टँगला वरच्या आर्मची भोकं एक इंच खाली पाडायची. फोर्डच्या क्लाउस आर्निंग नावाच्या इंजिनीअरने शोधलेलं, १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला तसंच होतं, म्हणून लोक शेल्बी ड्रॉप म्हणतात, आर्निंगचं नाव कोण घेतो. कागदी टेम्प्लेट लावा, ड्रिल मारा, परत बसवा. वळणावर गाडी दुसरीच वाटते. आणि ताईंनी वर जॅकचं लिहिलंय त्याला पुरवणी, आमच्या मस्टँगला स्प्रिंग वरच्या आर्मवर असते त्यामुळे तिथे सगळं उलटं, एकाचं वाचून दुसऱ्याच्या गाडीखाली जाऊ नका.

मोपारवाल्यांची (क्रायस्लरच्या गाड्यांची) मजा वेगळीच, त्यांना पुढे कॉइलच नाही, टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा दांडा. उंची कमी करायची तर एक बोल्ट फिरवायचा. आणि मग अलाइनमेंट बिघडली म्हणून रडायचं.

खटारा६९

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन शनिवार खाली झोपून काढले, रिपोर्ट देतो.

टायर: शेवटचे आकडे ३२०९. म्हणजे २००९ चा ऑगस्ट. माझं लग्न झालं नव्हतं तेव्हा.

आयडलर आर्म: ताई, पहिल्याच झटक्यात. बायको स्टीअरिंग हलवत होती, आर्म वरखाली होत होता आणि चाक ढिम्म. रबरी चकती पण फाटलेली. खालचे दोन्ही बॉल जॉइंट गेलेत, आधी फ्रेमखाली जॅक लावून बघितलं तर ठीक वाटले, मग तुम्ही म्हणालात तसं आर्मखाली लावलं तर चाक हातभर हललं. म्हणजे हातभर नाही पण घाबरलो.

शॉक चारही तेल गळलेले. पुढे स्वे बार नाहीच, माउंटची भोकं रिकामी आहेत. मागे तो तिरका जाणारा रॉड, पॅनहार्ड ना (मागची चाकं बाजूला सरकू न देणारा), त्याची बुश म्हणजे नुसती भोकं.

आणि आता खरं, पुढच्या डाव्या बाजूने गाडी पाऊण इंच खाली होती ते मला आधी दिसलंच नव्हतं. टॉर्च मारली तर दोन्ही पुढच्या स्प्रिंग कापलेल्या आहेत, टोकं वितळल्यासारखी, निळी-काळी झालेली. आजोबांना विचारलं तर म्हणाले त्यांच्या मुलाने हायस्कूलमध्ये असताना केलंय. हे चालेल का तसंच?

मिशिगनमुक्काम

नाही चालणार, दोन्ही फेकायच्या. गॅसच्या ज्वाळेने कापलं की त्या टोकाची टेंपर (पोलादाला दिलेला ताठपणा) जाते, ती जागा मऊ पडते आणि बसत जाते, दोन्हीकडे सारखी बसत नाही, म्हणून तुझा पाऊण इंच.

कॉइल कापणं मुळात पाप नाही. स्प्रिंग किती कडक ते तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि उलट बाजूने वेढ्यांच्या संख्येवर ठरतं. आठ वेढे काम करत होते, एक कापला, सात राहिले, तर ती आठ भागिले सात म्हणजे साधारण १४ टक्के कडक झाली, आणि खाली गेलेल्या गाडीला चाकाची चाल कमी उरते त्यामुळे थोडी कडक लागतेच. पण कापायची तर पातळ चकतीच्या ग्राइंडरने, थंड ठेवत, आणि दोन्ही एकाच जागी. चौथ्या घाताची गंमत पण बघ, तारेची जाडी फक्त १० टक्के वाढवली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक. म्हणून "जराशी जाड स्प्रिंग" असं काही नसतं.

पण तुझ्यासाठी मी पुढे मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंग आणि ड्रॉप स्पिंडल घेईन. चाक ज्या खुंटीवर फिरतं ती खुंटी या स्पिंडलमध्ये अडीच इंच वर सरकवलेली असते. म्हणजे चाक जागेवर आणि ट्रक अडीच इंच खाली, आर्मचे कोन तेच, स्प्रिंगची चाल तीच, बंप स्टॉप (आर्म आदळतो तो रबरी ठोकळा) तेवढाच लांब. कॉइलने खाली घेतलं तर यातलं सगळं बिघडतं. आणि या स्पिंडल बहुतेक डिस्क ब्रेकसाठीच येतात, १९७१ पासून या ट्रकला पुढे डिस्क मिळायलाच लागले होते त्यामुळे सगळं बसतं. ६९ च्या ड्रमवर डॅलसच्या ट्रॅफिकमध्ये तू रोज देवाचं नाव घेत असशील.

एक कटकट आधीच सांगून ठेवते. तुझी चाकं सहा बोल्टची आहेत, १९७१ पासून शेव्हीने पाच बोल्ट केले. साधं डिस्क किट आणलंस तर पुढे पाच आणि मागे सहा. सहा बोल्टच्या रोटरचं किट मिळतं, बघून मागव.

मागचं सांगते, हे मला फार आवडतं. दुकानदाराने फोर-लिंक घालायला सांगितली ना, तर तुझ्याकडे आत्ता जे आहे ते काय आहे माहितीये का? दोन लांब आर्म, अॅक्सलला यू-बोल्टने आवळलेले, पुढे गाडीच्या मध्याकडे जाऊन एका क्रॉसमेंबरला अडकलेले, वर कॉइल. नास्कारच्या कप शर्यतीच्या गाड्या २०२१ च्या सीझनपर्यंत मागे हेच वापरत होत्या, नावच ट्रक आर्म. ताशी १८० मैलांच्या पुढे पळणाऱ्या गाड्यांना पुरलं ते तुला कॉस्टकोला जायला पुरेल.

ते आर्म नीट बघ, दोन पन्हाळी पाठीला पाठ लावून रिव्हेट केलेल्या, म्हणजे आय आकार. आय आकार वाकायला कडक पण पिळायला मऊ. अॅक्सल एका बाजूने उचलला की हे आर्म पिळले जातात आणि ते तसेच जायला हवेत. कुणी त्यांना पेटीसारखं बंद करून वेल्ड केलं किंवा जाड नळीचे घातले आणि वर पॉलीचे बुश ठोकले की शेव्हेलवाल्या दादांची रॅम्पवरची गोष्ट परत. तेव्हा आर्म तसेच ठेव, पुढे रबरी बुश, आणि क्रॉसमेंबरला चिरा नाहीत ना ते बघ.

मागे चार इंच खाली घे, खाली घ्यायच्या स्प्रिंग मिळतात, सोबत शॉकचे माउंट बदलावे लागतील नाहीतर शॉक दाबलेल्या अवस्थेतच बसेल आणि पुलावर पुन्हा एसटी. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक उडणारच थोडंसं, ती स्प्रिंग अर्धा टन भारासाठी बनवलीये आणि तू तिच्यावर हवा वाहतोयस, पण गळलेल्या शॉकमुळे दुप्पट उडतं.

पॅनहार्ड मात्र नवा घे, अॅडजस्टेबल आणि लांब. एक टोक फ्रेमला एक अॅक्सलला, म्हणून गाडी खाली आली की तो वर्तुळात फिरतो आणि अॅक्सल बाजूला ढकलतो. समजा रॉड २० इंचाचा आणि सुरुवातीला आडवा, अॅक्सल पाच इंच वर आला तर साधारण ०.६ इंच सरकतो. तोच रॉड ४० इंचाचा असेल तर ०.३. मूळचा रॉड आडवा नसेल तर आकडे बदलतात, पण लांब घेण्याचं कारण कळलं असेल. नाहीतर मागून बघणाऱ्याला एक चाक बाहेर आणि एक आत दिसतं.

चारच्या पुढे, पाच-सहा इंच म्हणालास तर फ्रेम कापायला लागेल. आईला चार पुरेत.

स्वे बार पुढचाच घाल आधी. मागचा नंतर, आणि वाटला तरच.

आणि हे वाचल्याशिवाय स्पॅनर हातात घेऊ नको: पुढची स्प्रिंग आत बसलेली असताना तिच्यात हजार-दोन हजार पाउंडाचा दाब असतो. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढायचा नाही, दोनचार आटे ठेवून टेपर (सांध्याची निमुळती दांडी) सुटू द्यायचा, जॅक आर्मखाली, साखळी स्प्रिंगमधून फ्रेमला बांधलेली, मग जॅक हळूहळू खाली. समोर तोंड नाही, पाय नाही. एकटा असशील तर करूच नको.

कोल्हापुरी_जीप

ताई तुमी एवढं सांगितलं की आता मलाच जीपखाली झोपावंसं वाटतंय. आमचा मिस्त्री शॉकअप गेला की म्हणतो पाट्यात अजून एक पाटा टाकू. गाडी बैलगाडी होते पण शॉकअपचा विषय संपतो.

आमच्याकडं असलं काही करायचं म्हणजे आरटीओची भीती आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितल्यापासून मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनमधी बदल चालत नाही. तुमच्याकडं कोण इचारत नाही का?

शेव्हेल_सत्तर

टेक्सासात तर २०२५ पासून खाजगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच बंद केलंय. कोणी विचारत नाही म्हणून तर त्या आजोबांच्या मुलाची ज्वाळेने कापलेली स्प्रिंग एवढी वर्षं रस्त्यावर फिरली. @खटारा, नवा बॉल जॉइंट घेताना कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) विसरू नका, मी एकदा विसरलो होतो, सांगत नाही पुढचं.

लाल_मस्तांग

जीएमसीवाल्यांसाठी नोंद: हाच ट्रक जीएमसीच्या बिल्ल्याने घेतलात तर मागे बहुतेक पाटेच असतात, कॉइल नाही. पार्ट मागवताना बिल्ला नको, खाली वाकून बघा. माझ्या मित्राने अख्खं मागचं किट मागवलं, परत पाठवायचा खर्च ट्रकच्या टायरएवढा.

खटारा६९

डिसेंबर संपत आला, धागा वर आणतो.

झालं बुवा. टायर, आयडलर आर्म, चकती, चारही बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, सगळी बुश रबरी. ड्रॉप स्पिंडल सहा बोल्टच्या डिस्कसकट. मागे चार इंची स्प्रिंग, शॉकचे माउंट, लांब पॅनहार्ड. पुढचा स्वे बार. पुढची स्प्रिंग काढताना ऑफिसमधला एक मूळ टेक्सन मित्र बोलावला, त्याने साखळी बघून "कुठे शिकलास" विचारलं, म्हटलं एका ताईने फोनवर झापलंय असं समज. अलाइनमेंटला खरोखरच म्हातारा माणूस मिळाला, कॅस्टर ३.८ पर्यंत नेला, म्हणाला याच्यापुढे तुझी फ्रेम देत नाही.

७० ला एका हाताने चालते. बायको पहिल्यांदाच झोपली गाडीत. किटच्या आकड्याच्या निम्म्यात झालं सगळं, माझे शनिवार सोडून.

आई आली, बसली, पाट लागला नाही. पहिलं वाक्य, "अरे हा तर टेम्पो आहे." मग तळ्यापर्यंत जाऊन आलो, येताना म्हणाली अजून एक चक्कर मार. बाबा मात्र चढताना दार धरून "हुप्प" करतात, त्यांच्यासाठी चौरंग मागे ठेवलाय, कोल्हापूरकरांना कळवतो.

एकच गोष्ट राहिली. मागून अजून कडकच लागते, अपेक्षेपेक्षा बरीच. आणि मोजलं तर चार इंच खाली यायला हवी होती ती जेमतेम सव्वातीन आलीये. स्प्रिंग चुकीच्या आल्या का? पार्ट नंबर बरोबर आहे, तीनदा बघितला.

मिशिगनमुक्काम

छान केलंस रे. आईंना नमस्कार सांग.

स्प्रिंगला दोष देण्याआधी एक सांग. ट्रक आर्मच्या पुढच्या बुशचे बोल्ट आवळलेस तेव्हा ट्रक कुठे होता?

खटारा६९

स्टँडवर. अॅक्सल लोंबकळत होता.

...

जातो खाली.